माळेची खरखर

वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या पंचवटीतल्या घराच्या दाराला दिव्यांची माळ लागली आणि आईच्या रेडिओवर मुंबईच्या अस्मिता वाहिनीऐवजी नुसती खरखर ऐकू येऊ लागली. आईचे वय ८४, वाचायला आता दिसत नाही. तिचे जग ५५८ किलोहर्ट्झवर आहे. ‘दरवर्षी दिवाळीतच आकाशवाणीला काय होतं रे?’ तिने विचारले. त्यातला ‘दरवर्षी’ मला लागला. फ्रिज, पंखा, चार्जर असे एकेक बंद करत गेलो. माळेची पिन काढली आणि निवेदिकेचा आवाज स्वच्छ आला.

मी अभियंता नव्हे. जुन्या बाजारातले रेडिओ दुरुस्त करता करता जे शिकलो, त्याच्या आधारे हा शोध घेतला.

पूर्वीच्या माळेत तारेचे छोटे बल्ब असत. ते वीज सरळ, संथपणे घेतात. म्हणूनच इलेक्ट्रॉनिक भाग नसलेल्या अशा दिव्यांना आंतरराष्ट्रीय मानकात चाचणीची अट नाही. आजच्या एलईडी माळेला बटणाची डबी असते. तिच्यातला थायरिस्टर नावाचा भाग विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा एकदम सुरू करतो. दार हलके लोटले तर आवाज होत नाही, धाडकन आपटले तर सगळे घर दणाणते. तसेच इथेही होते. प्रवाह जितका झटक्याने बदलेल, तितक्या जास्त कंप्रतांवर गोंगाट पसरतो. घरातल्या वायरिंगमधून तो रेडिओपर्यंत पोचतो. आमच्या माळेच्या आठ प्रकारांपैकी हळूहळू उजळत जाणारा प्रकार सर्वांत खरखरीचा निघाला, कारण त्यात प्रत्येक लाटेच्या मध्यावरच प्रवाह सुरू होतो. मध्यम लहरींचा रेडिओ लहरीची उंची वाचतो, म्हणून असा प्रत्येक झटका त्याला ऐकू येतो. नाशिक आकाशवाणीचे १०१.४ मेगाहर्ट्झवरचे एफएम प्रसारण त्यामानाने सुखरूप राहते.

ही तक्रार जुनी आहे. विजेच्या यंत्रांमुळे रेडिओ ऐकता येत नाही, म्हणून १९३४ मध्ये सीआयएसपीआर या आंतरराष्ट्रीय समितीचे काम सुरू झाले. तिने मोजणीची जी पद्धत घडवली, ती मला फार माणुसकीची वाटते. क्वचित होणारी ‘टक्’ माणूस सोडून देतो, सततच्या खरखरीने वैतागतो. समितीचा मीटरही तसाच बनवला आहे. झटके जितके वारंवार, तितका त्याचा आकडा मोठा. मोजायचा असतो तो श्रोत्याचा त्रास. दिव्यांसाठीच्या सीआयएसपीआर १५ या मानकात अर्धा ते पाच मेगाहर्ट्झ या पट्ट्यात वीजतारेवर जाऊ द्यायच्या गोंगाटाची मर्यादा ५६ डेसिबल-मायक्रोव्होल्ट, म्हणजे सुमारे ६३० मायक्रोव्होल्ट आहे. २३० व्होल्टच्या घरात हा आकडा कणभर, पण दूरच्या केंद्राचा क्षीण आवाज बुडवायला तेवढाही पुरतो.

आपल्याकडे हेच नियम आयएस ६८७३ (भाग ५) मध्ये आहेत. मात्र माळेच्या अनिवार्य नोंदणीसाठी पाहिले जाते ते आयएस १०३२२ मधले दिव्यांच्या माळांचे मानक, आणि ते सुरक्षेचे आहे: धक्का बसू नये, आवरण वितळू नये, तार तापू नये. ते हवेच. पण खोक्यावरचा नोंदणी क्रमांक पाहून माळ रेडिओलाही निर्धोक असेल असे समजू नये. पिनेजवळ एक छोटा कपॅसिटर आणि तारेची गुंडाळी बसवली, तर गोंगाट बराच अडतो. स्वस्त माळेत सगळ्यांत आधी गळतात तेही हेच भाग.

नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. माणसांचा रेडिओगोंगाट तिथे कमी, हे ती जागा निवडण्याचे एक मोठे कारण होते. शास्त्रज्ञांना शांत खोरे शोधता आले. म्हाताऱ्या श्रोत्याने घर सोडून कुठे जावे?

माळ घेताना छोटा ट्रान्झिस्टर सोबत न्यावा, मध्यम लहरींवर दोन केंद्रांमधल्या रिकाम्या जागी लावावा आणि पेटत्या माळेजवळ धरावा. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण दोन माळांतली कमी त्रासाची कोणती ते कळते. खरा उपाय म्हणजे नोंदणीच्या अटीत दुसरे मानकही यावे. तोवर आईच्या बातम्या संपेपर्यंत आमच्या दारात फक्त पणत्या असतात.