नर्व्हस ब्रेकडाउन म्हणजे नक्की काय?

लखनौत हजरतगंजच्या कॉफी हाऊसमध्ये शेजारच्या टेबलावर शायर मजाज यांचा विषय निघाला. ते एकेकाळी इथले नेहमीचे. १९५२ मध्ये त्यांना रांचीच्या मनोरुग्णालयात ठेवलं होतं. "नर्व्हस ब्रेकडाउन!" एकजण म्हणाला.

या नावाचं निदान आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत नाही. झोप, जेवण, काम काहीच सांभाळता येईना इतका माणूस ढासळला, की लोक हे म्हणतात. मुळाशी नैराश्य असेल, उन्माद किंवा दारूही. उपचार त्याप्रमाणे बदलतात. म्हणून डॉक्टरांना लक्षणं सांगा, नाव नको.

लागोपाठ दोन मीटिंगा झाल्या की 'ब्रेकडाउन झाला' म्हणणारेही आपणच! तो थकवा, चहाने उतरतो.

घरात खरंच कुणी ढासळलं असेल तर टेली-मानस हेल्पलाइन १४४१६, मराठीतही बोलतात.