नेटवर्क जोडणी, द्रुतगती : दोषनिदान

अनेक तबकड्यांवर माहिती साठवून ती जाळ्यावरील इतर संगणकांना पुरविणाऱ्या संगणकास साठवण सर्व्हर म्हणतात. त्याच्या नेटवर्क कार्डातून दर सेकंदास १० गिगाबिट वा त्याहून अधिक माहिती वाहत असल्यास त्या जोडणीस सामान्यतः द्रुतगती जोडणी म्हणतात. कार्ड, केबल, स्विच व सर्व्हरची आज्ञाप्रणाली यांपैकी बिघाड नेमका कोठे आहे, हे क्रमाने शोधणे म्हणजे तिचे दोषनिदान होय. जोडणी पूर्ण तुटली तर दोष लगेच ध्यानात येतो. ती जुळलेली दिसत असूनही मंद चालते, तेव्हा मात्र निदान करणाऱ्याची कसोटी लागते.

पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना स्थापन झाला आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आल्यावर पिंपरी-चिंचवड परिसराची वाढ वेगाने झाली. पुढे पुणे-नाशिक मार्गावरील चाकण येथे मोटारउद्योग पसरला. फोक्सवॅगनचा तेथील कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. मोटारउद्योगात सुट्या भागांची आरेखने, धडक-चाचण्यांची संगणकीय प्रतिमाने, कॅमेऱ्याने तपासलेल्या सांध्यांची छायाचित्रे इ. माहिती साठवण सर्व्हरवर जाते. १ टेराबाइट माहिती १० गिगाबिट जोडणीवरून आदर्श स्थितीत सु. १३ मिनिटांत जाते. तीच जोडणी गुपचूप १ गिगाबिटवर उतरल्यास सव्वादोन तास लागतात. रात्रपाळीत घ्यावयाची सुरक्षाप्रत त्यामुळे सकाळपर्यंत अपुरी राहू शकते आणि ती अपुरी आहे हे तबकडी निकामी झाल्यावरच कळते.

निदान खालून वर, म्हणजे केबलपासून आज्ञाप्रणालीकडे करावे, एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक बदलानंतर मोजमाप घ्यावे. कार्डावरील दिवा लागला म्हणजे जोडणी निर्दोष आहे असे नव्हे. दोन्ही टोकांना संदेश पोचतो, एवढेच त्यावरून कळते. खरी माहिती कार्डाच्या व स्विचच्या दोष-गणकांत असते. तपासणी-बेरजेत चुकलेल्या फ्रेमची संख्या वाढत असेल, तर दोष बहुधा केबल, मॉड्यूल वा टोकजोड यांत असतो. गणक एकदा वाचून भागत नाही. ठराविक अंतराने दोनदा वाचून त्यांतील फरक पाहावा लागतो.

तांब्याच्या केबलवरून १० गिगाबिट वेग १०० मी. पर्यंत मिळविण्यासाठी सहा-अ वर्गाची केबल लागते. साध्या सहा वर्गाच्या केबलला सु. ५५ मी. ची मर्यादा आहे. कारखान्यात वेल्डिंगची यंत्रे व मोटारींचे वेगनियंत्रक यांच्यामुळे निर्माण होणारा विद्युत् चुंबकीय गोंगाट ही मर्यादा आणखी कमी करतो. शिवाय दोन शेडच्या भू-जोडण्यांतील विद्युत् दाब सारखा नसल्यास केबलच्या धातूच्या आवरणातून प्रवाह वाहतो. म्हणून दोन इमारतींमध्ये तांबे न वापरता प्रकाशीय तंतू वापरणेच श्रेयस्कर होय. ८५० नॅनोमी. तरंगलांबीचे मॉड्यूल बहुपथी तंतूसाठी, तर १,३१० नॅनोमी. चे एकपथी तंतूसाठी असते. पहिल्या प्रकारात ओएम-३ तंतूवर ३०० मी., तर दुसऱ्यात १० किमी. पर्यंत अंतर गाठता येते. दोन टोकांस भिन्न प्रकारची मॉड्यूले बसविणे ही नेहमीची चूक आहे. बहुपथी तंतूचा गाभा ५० मायक्रोमी. व एकपथीचा सु. ९ मायक्रोमी. असल्याने धुळीचा एक कणही प्रकाश अडवू शकतो. पत्रा कापणाऱ्या वा घासकाम करणाऱ्या विभागाजवळ ही बाब गौण मानता येत नाही. मॉड्यूल स्वतः मोजत असलेली ग्रहण प्रकाशशक्ती टोक पुसण्यापूर्वी व नंतर नोंदवावी. काही कार्डे अन्य उत्पादकाचे मॉड्यूल स्वीकारतच नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

केबल निर्दोष ठरल्यावर कार्ड ज्या खाचेत बसविले आहे ती पाहावी. सोळा मार्गिकांच्या लांबीची खाच आतून चारच मार्गिकांना जोडलेली असू शकते. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या चार मार्गिकांतून सु. ३१ गिगाबिटच जातात, त्यामुळे ४० गिगाबिटचे कार्ड तेथे पूर्ण वेग गाठू शकत नाही. कार्ड तापून बंद पडत असल्यास हवेचा मार्ग व पंखे तपासावेत.

फ्रेमच्या आकारातील विसंगती अधिक फसवी असते. सर्व्हरवर ९,००० बाइट व मधल्या स्विचवर १,५०० बाइट अशी मर्यादा असल्यास लहान संदेश बिनतक्रार जातात, प्रवेशही मिळतो. परंतु मोठी फाइल पाठविताच काम थबकते. तुकडे न करण्याच्या अटीवर ८,९७२ बाइटांचा पिंग पाठविल्यास हा दोष उघड होतो, कारण उरलेले २८ बाइट शीर्षकांनी व्यापलेले असतात.

पुष्कळदा दोष जाळ्यात नसतोच. फिरत्या तबकडीचा सलग वाचनाचा वेग दर सेकंदास सु. २०० मेगाबाइट असतो, तर १० गिगाबिट म्हणजे १,२५० मेगाबाइट. म्हणून आयपर्फसारख्या साधनाने एका संगणकाच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत माहिती पाठवून जाळे आधी स्वतंत्रपणे मोजावे. दोन जोडण्या एकत्र बांधल्याने एकाच फाइलीचा वेग सहसा दुप्पट होत नाही, कारण एक प्रवाह एकाच जोडणीतून जातो.

कारखान्याच्या सर्व्हरवर हरवलेले पॅकेट सामान्यतः पुन्हा पाठविले जाते आणि गळती मंदपणाच्या रूपात प्रकट होते. चाकणच्या उत्तरेस नारायणगावाजवळील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दूरदर्शकाची गोष्ट निराळी आहे. तेथे ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेनांचे संदेश प्रकाशीय तंतूंनी मध्यवर्ती इमारतीत येतात व अद्ययावत केलेल्या प्रणालीत १० गिगाबिट जोडण्यांवरून संगणकांकडे जातात. आकाशातून आलेला संदेश पुन्हा मागता येत नसल्याने अशा अखंड प्रवाहात हरवलेल्या पॅकेटच्या जागी नोंदीत खंड पडतो.