एक कोयता म्हणजे किती माणसं?

बीड जिल्ह्यात कुणी म्हणालं, "आमच्या वाड्यावरनं तीन कोयते गेले," तर मोजायची माणसं सहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर अर्धा कोयता!

अवजाराच्या नावानं माणूस ओळखायची तऱ्हा तशी जुनी. संस्कृत काव्यशास्त्रात तिला लक्षणा म्हणतात. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त भाले आत शिरतात, ते अर्थात भालेकरी. इंग्लंडच्या गिरण्यांत मजुरांना नुसतं 'हात' म्हणत. पण एका पात्यात दोन जीव बसवायचे आणि धडधाकट माणूस निम्मा धरायचा, हे गणित मम्मटालाही सुचलं नसतं.

ते आलं उसाच्या फडातून. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केजकडची कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. एकानं ऊस बुडातून तोडायचा, वाढं छाटायचं. दुसऱ्यानं पाचट काढून मोळ्या बांधायच्या. 'डोकी सेंटर' असेल, म्हणजे गाडी थेट फडाशी लागत असेल, तर त्या मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये चढवायच्या. मजुरी टनावर. एकट्याच्यानं टन भरत नाही, म्हणून मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला. हंगाम संपेपर्यंत उचल फिटली तर फिटली, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. आजारपणानं दिवस बुडाला की खाडा, म्हणजे वर दंड.

सगळ्यात चक्रावून टाकणारा शब्द 'गेटकेन'. कारखान्याच्या कार्यक्षेत्राबाहेरून आलेला ऊस तो गेटकेन. बीडकडे हा शब्द लग्नाला चिकटला. अर्ध्याचा पुरा कोयता व्हावा म्हणून हंगामाच्या तोंडावर, कधी थेट कारखान्याच्या गेटसमोर उरकलेलं लग्न म्हणजे गेटकेन लग्न. नवरी कित्येकदा शाळकरी वयाची. शब्द ऐकून हसू येतं, पण मामला हसण्यासारखा नाही.

संपालाही इथे 'कोयता बंद' म्हणतात. तोडणीच्या दरासाठी संघटना तो पुकारतात, मग साखर कारखान्यांच्या संघाशी वाटाघाटी होतात. जानेवारी २०२४ मध्ये अशीच ३४ टक्के वाढ ठरली. पैसे मात्र कोयत्याच्या हिशोबानंच मिळतात, आणि त्या कोयत्यातल्या बाईचं नाव मुकादमाच्या वहीत सहसा नसतं.