कारण क्रमांक दहा

दर महिन्याला कारखान्यातला पगार विभाग कामगार राज्य विमा महामंडळाच्या (ईएसआय) पोर्टलवर एक तक्ता चढवतो. कामगाराचा विमा क्रमांक, नाव, भरलेले दिवस, पगार. ज्याचे दिवस शून्य, त्याच्यापुढे कारण द्यावं लागतं, आणि ते शब्दांत लिहायचं नसतं. कारणांचे क्रमांक ठरलेले आहेत. १ म्हणजे रजेवर, २ म्हणजे नोकरी सोडली, ३ निवृत्त, ५ मृत्यू, ९ संप किंवा टाळेबंदी, १० कामगारकपात, ११ काम नाही. सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात माणसाला उद्यापासून येऊ नको असं सांगितलं जातं, तेव्हा त्याच्या घरातले पुढचे महिने कसे जातील हे बरंचसं या तक्त्यातल्या २ आणि १० यांच्यातल्या फरकावर ठरतं. ज्याला घरी बसवलं, त्याने मात्र हा तक्ता कधी पाहिलेला नसतो.

आपल्याकडे बेकारी भत्ता नाही असं सर्रास म्हटलं जातं. तो आहे. दोन योजना आहेत आणि दोन्ही ईएसआयच्या आहेत. नाशिकमध्ये ईएसआय म्हटलं की त्र्यंबक रस्त्यावरचं सातपूरचं रुग्णालय डोळ्यांपुढे येतं: केसपेपरची रांग, औषधांची खिडकी, रजेचा दाखला. पण महाराष्ट्रात दवाखान्याची बाजू राज्य सरकारची योजना सांभाळते आणि रोख पैशांची बाजू केंद्राच्या महामंडळाचं शाखा कार्यालय. त्यामुळे बेकारीच्या पैशांची चौकशी रुग्णालयात केली तर ‘इथे नाही’ एवढंच ऐकायला मिळतं, आणि अनेकांचा शोध तिथेच संपतो.

या व्यवस्थेचं मूळ १९४३ सालातलं. ब्रिटनमध्ये आदल्या वर्षी बेव्हरिजचा अहवाल आला होता आणि आजारपण, म्हातारपण, बेकारी या सगळ्यांना एकाच विम्याखाली आणण्याची चर्चा जगभर सुरू होती. इथे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्या काळात प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी योजना आखण्याचं काम आलं आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यांना विचारला गेलेला प्रश्न मात्र आरोग्यविम्याचा होता. बेकारीला त्यात जागा नव्हती. १९४८ चा कायदा त्याच पायावर उभा राहिला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. महामंडळाचं चिन्ह पंचदीप आहे. आजारपण, बाळंतपण, अपंगत्व, अवलंबितांचं संरक्षण आणि औषधोपचार हे त्याचे पाच दिवे. सहावा लावायचं राहून गेलं, आणि हे राहून जाणं पुढे पन्नासहून जास्त वर्षं टिकलं.

मधल्या काळात महाराष्ट्राला या प्रश्नाचा सर्वांत मोठा तडाखा बसला तो गिरण्यांचा. १९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. सप्टेंबर १९८६ मध्ये केंद्राने कायमच्या बंद झालेल्या गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला: पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. तीन वर्षं! आजच्या कोणत्याही योजनेपेक्षा हा आराखडा उदार होता. फक्त एका उद्योगापुरता होता, आणि गिरणी कायदेशीररीत्या ‘बंद’ ठरल्याशिवाय लागू होत नव्हता.

ईएसआयमध्ये बेकारीचा प्रवेश झाला १ एप्रिल २००५ ला, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेच्या रूपाने. कारखाना बंद पडला, कपात झाली किंवा कामाबाहेरच्या अपघाताने ४० टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर विमाधारकाला रोजच्या सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम. सुरुवातीला सहा महिने, नंतर वर्ष, आणि पुढे दोन वर्षं, त्यातलं दुसरं वर्ष २५ टक्क्यांनी. त्या काळात स्वतःला आणि कुटुंबाला ईएसआयचा औषधोपचारही. मुलांना ताप येतो, म्हाताऱ्यांच्या गोळ्या चालू असतात. ज्या घरात एकच पगार होता तिथे हे दुसरं कलम कधीकधी पहिल्याहून मोलाचं ठरतं.

दुसरी योजना १ जुलै २०१८ ची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती आली प्रयोग म्हणून, दोन वर्षांसाठी. आधी अटी अशा होत्या: दोन वर्षांची विमापात्र नोकरी, चारही वर्गणी-काळात प्रत्येकी ७८ दिवस भरलेले, नव्वद दिवस बेकार राहिल्यानंतरच अर्ज, आणि मिळणार सरासरी पगाराच्या २५ टक्के, तेही आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. म्हणजे तीन महिने उपाशी राहून दाखवा, मग पाव पगार. फारसं कुणी फिरकलं नाही यात नवल नाही. करोनाने सरकारला जाग आणली. २४ मार्च २०२० पासूनच्या बेकारीसाठी दर ५० टक्के झाला, थांबायचे दिवस नव्वदचे तीस झाले, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अर्ज जुन्या मालकामार्फत नेण्याची सक्ती गेली. कामगाराने थेट शाखेत किंवा ऑनलाइन अर्ज करायचा, मालकाकडची पडताळणी शाखेने करायची. नंतर प्रतिज्ञापत्राची अटही गेली. मूळ योजनेची मुदत संपत आली की ती वाढवायची, पुन्हा संपत आली की पुन्हा वाढवायची, असं चालत आलं आहे. म्हणून अर्ज करण्याआधी ‘सध्या योजना चालू आहे ना’ हे शाखेत विचारून घ्यावं लागतं. बाळंतपणाच्या रजेबद्दल असं कुणाला विचारावं लागत नाही.

आता हिशोब. महिना १८ हजार पगाराचा कामगार धरू, रोजची सरासरी ६०० रुपये. पन्नास टक्क्यांनी ३०० रुपये रोज, नव्वद दिवसांचे २७ हजार. जुन्या दराने साडेतेरा हजार मिळाले असते. या माणसाच्या पगारातून दर महिन्याला पाऊण टक्का म्हणजे १३५ रुपये ईएसआय कटते, मालक सव्वातीन टक्के म्हणजे ५८५ भरतो. दोन वर्षांत दोघांचे मिळून १७ हजार २८० जमा होतात, त्यातच त्याच्या कुटुंबाचा दवाखानाही चालतो. तेव्हा ही रक्कम क्षुल्लक म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. सिडकोतल्या दोन खोल्यांचं भाडं, किराणा आणि मुलाची फी यांतल्या दोन गोष्टी ती तीन महिने निभावते. तिसरीसाठी पतपेढी किंवा मेहुणा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ च्या करारात बेकारीसाठी किमान ४५ टक्क्यांचं प्रमाण ठरलं आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, पण निदान दरापुरते आपण त्या रेषेच्या वर आलो. अडचण दराची नाही. ती आधीच्या पायरीवर आहे: अर्ज करण्याजोगा माणूस उरतो किती?

नाशिकचा उद्योग साठच्या दशकात सातपूरला रुजला, नंतर अंबडला पसरला. त्याचा कणा वाहन उद्योग आहे. महिंद्राच्या गाड्या, बॉशचे (जुने लोक अजून ‘मायको’ म्हणतात) डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल, आणि या दोघांभोवती सुटे भाग करणाऱ्या लहान-मोठ्या शेकडो वर्कशॉप. २०१९ साली गाड्यांची विक्री घसरली तेव्हा दोन्ही कंपन्यांनी ‘नो प्रॉडक्शन डे’ जाहीर केले. मोठ्या कंपनीत चार दिवस काम थांबलं की तिच्या पुरवठादाराकडे आठवडा थांबतो आणि पुरवठादाराच्या ठेकेदाराकडे माणसंच कमी होतात. आणि विजेच्या गाडीत इंजेक्टर लागत नाही, हे नाशिकला कुणी वेगळं सांगायला नको.

मोठ्या कंपनीतला कायम कामगार या योजनांत बसत नाही, कारण ईएसआयची पगारमर्यादा जानेवारी २०१७ पासून २१ हजारांवर थबकली आहे आणि त्याचा पगार तिच्या वर गेला आहे. शिकाऊ उमेदवाराला ईएसआय लागूच नाही. ट्रेनी या नावाखाली मशीनवर पूर्ण पाळी करणाऱ्या मुलांना मंदीत सर्वांत आधी ब्रेक मिळतो, आणि शिकाऊ म्हणून नोंद असेल तर त्यांचा विमा क्रमांकच नसतो. राहिला ठेकेदाराचा कामगार. त्याची ईएसआय भरली जाते, पण २४० दिवस भरून कायद्याचे हक्क लागू व्हायच्या आत ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा भरती. माणसांना वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यात लिहून ठेवलं. पण ते कोर्टात सिद्ध करायचं असतं, आणि ब्रेक मिळालेल्याला आधी सोमवारचं काम शोधायचं असतं.

कायद्यानेही एक खिंडार ठेवलं आहे. १९८४ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यातल्या कपातीच्या व्याख्येतून एक प्रकार वगळला: ठरावीक मुदतीचा करार संपला आणि नवा केला नाही, तर ती कपात नव्हे. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. अकरा महिन्यांच्या करारावरचा माणूस बेकार होतो, त्याची कपात मात्र होत नाही.

आणि ज्याची खरोखर कपात होते, त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला जातो. ‘राजीनामा दे, फुल अँड फायनल लगेच करतो, पुढच्या कंपनीत चांगला शेरा देऊ’ हे वाक्य औद्योगिक वसाहतीत सगळ्यांच्या ओळखीचं आहे. समोरचा माणूस वाईटच असतो असं नाही. बऱ्याचदा तोही वरून आलेला आकडा पूर्ण करत असतो. पण त्या एका सहीने काय काय जातं ते पाहा. वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे मिळणारी कपातीची भरपाई जाते. एक महिन्याच्या नोटिशीचा पगार जातो. शेवटी आलेल्याने आधी जायचं हा नियम आणि पुन्हा भरतीत अग्रहक्क, तेही जातं. तक्त्यात १० ऐवजी २ पडतो आणि राजीव गांधी योजनेची दोन वर्षं हातची निसटतात. अटल योजनेत अर्ज थेट करता येतो खरा, पण पडताळणी मालकाकडेच जाते, आणि मालकाच्या फाइलमध्ये सही केलेला राजीनामा असतो. युनियनचे लोक म्हणूनच सांगतात: सही करू नका, करायचीच झाली तर ‘कामावरून कमी केल्यामुळे’ असं स्वतःच्या हाताने लिहा, कागदाचा फोटो काढा, पगाराच्या पावत्या जपा. आणि कपातीचं पत्र मागा. ते मागताना संकोच वाटतो, घरी सांगायचीही लाज वाटते. पण पुढच्या प्रत्येक खिडकीवर तेच पत्र विचारलं जातं.

घरात प्रत्यक्षात पहिला पैसा येतो तो पीएफचा. मोबाइलवर अर्ज होतो, आधार आणि बँक जोडलेली असेल तर लवकर येतो. मालकाने कामावरून गेल्याची तारीख भरली नाही तर जानेवारी २०२० पासून ती दोन महिन्यांनी स्वतःलाही भरता येते. २०१८ पासून एका महिन्याने ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेले असा नियम होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने ७५ टक्के लगेच आणि उरलेल्यासाठी बारा महिने, असा निर्णय घेतला. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२ हजार असतील तर सहा वर्षांचे साधारण साडेएक्केचाळीस हजार. पण हे सगळे त्याचेच साठवलेले पैसे. पीएफला बेकारीची मदत म्हणणं म्हणजे म्हातारपणाचा घास तरुणपणी काढून देऊन वर उपकाराची भाषा करणं, असं मला वाटतं. निवृत्तिवेतनाचा भाग तरी काढू नये, त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्यावं. हा सल्ला बरोबर आहे, फक्त तो देणाऱ्याच्या घरी हप्ता थकलेला नसतो.

एक गोष्ट नाशिकच्या कामगाराला सहसा कुणी सांगत नाही. त्याच्या पावतीवर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० असा व्यवसाय कर असतो, वर्षाचे अडीच हजार. १९७५ साली हा कर महाराष्ट्राने आणला तो वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात, मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, असं कलम होतं, सुरुवातीला दिवसाला किमान एक रुपया. रक्कम हसण्यासारखी, पण तो हक्क म्हणून कायद्यात लिहिलेला होता. शहरातल्या कारखान्यातला माणूस खेड्यातल्या माणसाच्या बेकारीसाठी कर भरत आला आणि ते योग्यच झालं. त्याच्या स्वतःच्या बेकारीसाठी तसं कलम मात्र कुणी लिहिलं नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत एक नवा निधी आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचा पगार त्यात भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचा, नवं कौशल्य शिकण्यासाठी. त्याच संहितेने कपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. पैसा आला आणि अडसर गेला, दोन्ही एकाच कागदावर. आणि हा निधीही ‘कपात’ झालेल्यासाठीच आहे.

२००८ साली विसाव्या वर्षी सातपूरला हेल्पर म्हणून लागलेला मुलगा घ्या. त्याने त्याच वर्षीची मंदी पाहिली, २०१३ ची पाहिली, २०१९ ची पाहिली आणि २०२० ची टाळेबंदीही पाहिली. करोनात त्याने अटल योजनेतून नव्वद दिवसांचे पैसे घेतले असतील, तर त्याचा आयुष्यभराचा वाटा संपला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो निवृत्त होईल, २०४६ साली.