बदाम परवडत नाहीत? दाण्याचे कूट आहे ना!

भगिनींनो, “मुलांना बदाम द्या, अंगी लागतील,” असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. दुकानातला भाव ऐकला की मात्र आपला हात आखडतो आणि मुलांना काही कमी पडते आहे, अशी रुखरुख मनाला लागते. ती रुखरुख सोडा आणि आपल्या दाण्याच्या कुटाकडे पाहा.

१०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, बदामांत सुमारे २१ ग्रॅम. कॅल्शियम आणि ई जीवनसत्त्व बदामात जास्त, हे खरे. पण कॅल्शियम आपल्याला तीळ आणि नाचणीतूनही मिळते. गरोदरपणी अत्यंत गरजेचे असलेले फोलेट शेंगदाण्यात भरपूर असते. भाजीवर एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १० ग्रॅम कूट घातले, तर अडीच ग्रॅम प्रथिने मिळतात. दाण्यात जवळजवळ निम्मे तेलच असते, म्हणून कूट घालाल त्या दिवशी फोडणीचे तेल कमी करा.

कूट शक्यतो सालीसकट करावे. पालेभाजीवर, काकडी-गाजराच्या कोशिंबिरीत, भरतात ते घालावे. वर लिंबू पिळले तर पालेभाजीतील लोह अंगी लागायला मदत होते. मात्र कूट आहे म्हणून वरण बंद करू नका. भाकरीत लायसीन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, शेंगदाण्यातही तो कमीच. ती उणीव डाळ भरून काढते.

आता सर्वांत महत्त्वाचे. ओल लागलेल्या दाण्यांवर बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक असून त्यामुळे कर्करोगही होऊ शकतो. दाणे भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही. म्हणून स्वस्त मिळतात म्हणून बुरसटलेले दाणे घेऊ नका. काळे, सुरकुतलेले, कडू लागणारे दाणे निवडून फेकून द्या. कूट थोडे थोडे करून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. बारीक कूट वरणभातात कालवून द्यावे. पहिल्यांदा अगदी थोडे द्या. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.

बदाम नसले म्हणून मनाला लावून घेऊ नका. डब्यातले दाणे तेवढे नीट निवडा.