बॅटरीच्या सायकलीला लाइट कुठं मिळेल?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

सिरसाळा हे परळी-बीड रस्त्यावरचं गाव. इथून परळी साधारण वीस किलोमीटर. समजा, सिरसाळ्यातल्या एखाद्या घरानं मुलीला परळीच्या कॉलेजात जायला बॅटरीवर चालणारी सायकल घेऊन दिली. जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'एकदा चार्ज करा, चाळीस किलोमीटर जा.' वीस जायचे, वीस यायचे, हिशेब बरोबर बसला असं घरच्यांना वाटतं. पण तो आकडा हलक्या माणसाचा, सपाट रस्त्याचा आणि पायडल सतत मारण्याचा असतो. पाठीवर दप्तर, समोरून वारा आणि पायडल न मारता नुसती मूठ पिळायची सवय, असं असलं की तीच बॅटरी पंचवीस किलोमीटरला मान टाकते. म्हणजे जाणं निभतं, येणं निभत नाही. मग ती सायकल गावातल्या गावात फिरवायला राहते आणि मुलगी पुन्हा एसटीची वाट बघत उभी.

म्हणून ही सायकल घेताना खरा प्रश्न किमतीचा किंवा रंगाचा नसतो. पोचल्या ठिकाणी तिला लाइट कोण देणार, हा असतो. त्याचं उत्तर आपल्याला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. का, ते समजण्यासाठी थोडं गणित करू.

अशा सायकलीची बॅटरी बहुधा ३६ व्होल्टची आणि साडेसात ते दहा अँपिअर-अवरची असते. ३६ गुणिले १० म्हणजे ३६० वॅट-अवर. चार्जरमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरली तरी रिकामी बॅटरी पूर्ण भरायला अर्धं युनिटही लागत नाही. युनिटला पंधरा रुपये धरले तरी सात-साडेसात रुपयांचं काम. चहाच्या दोन कपांत सायकलीचं पोट भरतं. आणि भार किती? सायकलीबरोबर मिळणारा चार्जर साधारण दोन अँपिअरचा असतो. तो भिंतीतल्या बोर्डातून ऐंशी-नव्वद वॅट ओढतो, म्हणजे छताच्या एका जुन्या पंख्याइतके. ज्याच्या घरात एक पंखा फिरू शकतो, त्याच्या घरात ही सायकल चार्ज होऊ शकते.

मात्र वेळ लागतो. दोन अँपिअरच्या चार्जरनं तासाभरात सहा-सात किलोमीटरची सोय होते. वीस किलोमीटरची भर घालायला तीन तास हवेत. पूर्ण रिकामी बॅटरी काठोकाठ भरायला पाच-सहा तास, कारण शेवटच्या टप्प्यात चार्जर आपणहून प्रवाह कमी करत नेतो. बाहेर असताना ती काठोकाठ भरण्याचा हट्ट धरू नये. घरी पोचण्यापुरती आणि वर पाच किलोमीटरची शिल्लक, एवढं पुरे.

आता कुणी म्हणेल, हल्ली हायवेवर गाड्यांसाठी चार्जिंग स्टेशनं झाली आहेत, तिथं का लावू नये? तर तिथली जाड बंदूक मोटारींसाठी असते. ती शेकडो व्होल्टचा डीसी प्रवाह थेट बॅटरीत सोडते, आणि आपल्या सायकलीची बॅटरी काठोकाठ भरली तरी ४२ व्होल्टची. ती बंदूक सायकलीला बसतच नाही, आणि तेच बरं आहे. काही स्टेशनांवर बाजूला साधं तीन पिनचं सॉकेट असतं, तेवढं आपल्या कामाचं. दुचाकी-तिचाकीसारख्या हलक्या वाहनांसाठी सुमारे तीन किलोवॅटचा स्वस्त चार्जिंग पॉइंट कसा असावा, याचं मानक भारतीय मानक ब्यूरोनं २०२१ साली आणलं. किराणा दुकानाच्या भिंतीवरही लावता यावा आणि पैसे मोबाइलवरून देता यावेत, अशी त्यामागची कल्पना. तो प्रत्येक गावात पोचेपर्यंत सायकलवाल्यानं थांबायचं कारण नाही. त्याला लागणारं सॉकेट प्रत्येक भिंतीत आधीच आहे.

मग मागायचं कुठं? पहिला नियम असा की जिथं आपण तसेही तीन-चार तास थांबणार, तिथंच चार्जिंग करायचं. कॉलेज, कामाचं दुकान, कार्यालय, पाहुण्यांचं घर. बहुतेक चांगल्या सायकलींची बॅटरी किल्लीनं सुटते. दोन-अडीच किलोचा तो डबा पिशवीत घालून आत न्यायचा. सायकल बाहेर कुलपात राहते, बॅटरी आपल्या नजरेसमोर. विकत घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा, बॅटरी निघते का? निघत नसेल तर प्रत्येक ठिकाणी सायकलच बोर्डाजवळ न्यावी लागेल, आणि दुसऱ्या मजल्यावर शिकवणी असेल तर ते कसं करणार?

रस्त्यात थांबायचं झालं तर चहा-नाश्त्याचं हॉटेल, मोबाइल दुरुस्तीचं दुकान, झेरॉक्सवाला, पंक्चरवाला. ही माणसं दिवसभर जागेवर असतात. परळीसारख्या तीर्थाच्या गावी खोली घेऊन उतरणाऱ्याला तर भिंतीतला बोर्ड हाताशीच असतो. पेट्रोल पंपावर विचारायला हरकत नाही, पण बॅटरी ऑफिसच्या खोलीत लावावी, तेलाच्या यंत्राच्या आसपास मुळीच नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून वायर काढून देणारे उत्साही मित्रही भेटतात. त्यांना हात जोडावेत. ती थ्री फेजची लाइन असते, दोन फेजच्या मध्ये चार्जर लागला तर ४०० व्होल्टच्या वर दाब बसतो आणि चार्जर त्याच क्षणी जातो. आणि जिथं आकडा टाकलेला दिसतो तिथं तर थांबूच नये.

जागा सापडते. अडतं ते तोंड. आपल्याकडे पाणी मागायला कुणी लाजत नाही. लाइट मागायला मात्र माणूस संकोचतो, कारण दुसऱ्याच्या मीटरवर आपण किती डल्ला मारणार हे ना त्याला माहीत असतं, ना देणाऱ्याला. एवढी मोठी बॅटरी बघून हॉटेलवाल्याला वाटतं, आता महिन्याचं बिल दुप्पट होणार. इथं वर केलेलं गणित कामाला येतं. "काका, एका पंख्याएवढी लाइट लागते, दोन तासांचे दहा रुपये देतो," असं सरळ सांगितलं की चेहरा बदलतो. दोन तासांत तीन रुपयांच्या आतली वीज जाते, उरलेले त्याचे. शिवाय दोन तास बसलेलं गिऱ्हाईक चहा घेतल्याशिवाय राहत नाही.

भारनियमनाच्या काळात मोबाइलचं असंच झालं होतं. गावात बारा-बारा तास लाइट नसायची, तेव्हा इन्व्हर्टर असलेल्या टपरीवर 'मोबाइल चार्ज करून मिळेल' अशा पाट्या लागल्या. एकदा दर ठरला आणि संकोच संपला. सायकलीचा तसा दर अजून ठरलेला नाही, एवढीच अडचण. यात कायद्याची भीती बाळगू नये. वाहन चार्ज करून देणं ही सेवा आहे, ती वीजविक्री नव्हे, त्यासाठी वीज कायद्याखाली परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल २०१८ मध्ये केला आहे. फक्त पैसे घेऊन हा उद्योग करणाऱ्यानं तो दुकानाच्या मीटरवर करावा, घरगुती मीटरवर नको. सायकलवाल्याची बाजूही मोकळी आहे. मोटार २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स नको, पासिंग नको.

लाइट जाण्याचं काय? सिरसाळ्यापासून वीस किलोमीटरवर परळीचं औष्णिक वीज केंद्र आहे. त्याचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. वीज केंद्राच्या शेजारी राहिलं म्हणून लाइट जायची थांबत नाही, हे इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको. तेव्हा पोचल्याबरोबर बोर्ड गाठावा, निघायच्या वेळेची वाट पाहू नये. तासभर लाइट गेलीच तर मधे तुटलेल्या चार्जिंगनं लिथियमची बॅटरी बिघडत नाही. हॉटेलात इन्व्हर्टर असेल तर मात्र न विचारता त्यावर चालू ठेवू नये. आपला चार्जर त्याच्या एका पंख्याचा वाटा खातो, आणि दुपारी दोन वाजता पंखा बंद पडलेलं गिऱ्हाईक मालकाला सोडत नाही.

पिशवीत चार वस्तू असाव्यात. आपलाच चार्जर, कारण दुसऱ्याचा पिनला बसला तरी व्होल्टेज वेगळं असू शकतं. तीन मीटरची चांगली एक्स्टेंशन वायर. लहान पिन मोठ्या पॉवर सॉकेटात बसवणारा जोड. आणि पावसाळ्यात बॅटरीचं तोंड पुसायला कोरडं फडकं. फुगलेली, आपटलेली किंवा आत पाणी गेलेली बॅटरी कुणाच्या दुकानात लावू नये. चांगली असली तरी गॅसच्या शेगडीपासून, गादीपासून आणि बाहेर पडायच्या दारापासून लांब ठेवावी.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये परळीच्या रस्त्यावर पारा बेचाळीसच्या पुढं जातो. त्या उन्हातून आलेली बॅटरी हाताला चटका देते. बऱ्याच कंपन्या ४५ अंशांच्या वर चार्जिंग करू नका असं पुस्तिकेत लिहितात, ते आपल्याकडच्या दुपारसाठीच लिहिलंय असं समजावं. गरम बॅटरीला लगेच प्लग लावला की तिचं आयुष्य घटतं. ती पिशवीतून काढून सावलीत फरशीवर अर्धा तास नुसती ठेवायची. तेवढ्यात हात-तोंड धुऊन चहा मागवावा आणि बोर्डात लाइट आहे का, ते बटण दाबून बघून घ्यावं.