समुद्र पाहायला कोठे जावे?

रब्बीची पेरणी आटोपली, की मुलाबाळांना एकदा समुद्र दाखवाच. मात्र ठिकाण असे निवडा, की मौजेबरोबर शेतीचे चार धडेही पदरात पडावेत.

दापोलीस गेलात तर मुरुडचा किनारा, हर्णै बंदरावरील मासळीचा लिलाव आणि १९७२ साली स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ एकाच फेरीत पाहून होते. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे किनारा आणि नारळ संशोधन केंद्र दोन्ही आहेत. काजू लावावयाचा असेल, तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातील जाती पाहून या.

गणपतीपुळ्यास दर्शन जरूर घ्या, पण तेथील पाणी फसवे आहे. पुष्कळ जण बुडाले आहेत. विहिरीत पोहणाऱ्याने समुद्रात धाडस करू नये. ओहोटीचे पाणी आत ओढते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालच्या वेळेवर विसंबू नका. स्थानिक कोळी बांधवांना विचारा. मुलांना गुडघाभर पाण्यापुढे सोडू नका.

गुराढोरांची काळजी वाटते? मग शेजारच्या दोन घरांनी पाळीपाळीने जावे. एकाने गोठा सांभाळावा, दुसऱ्याने समुद्र पाहावा!